कोटीचा घोडा नेमका कोण घेतं? सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं गणित, सोप्या भाषेत

डिसेंबर आला की फोनवर तीच बातमी दहा जणांकडून येते. सारंगखेड्याच्या यात्रेत अमुक कोटींचा घोडा आला, रोज इतके लिटर दूध पितो, इतके बदाम खातो, दिमतीला चार माणसं आहेत. आणि मी खानदेशातला आहे म्हटल्यावर पुण्या-मुंबईची मित्रमंडळी लगेच विचारतात की बाबा, एवढे पैसे देऊन घोडा घेतं कोण, आणि खेड्यातल्या यात्रेत हे चालतं तरी कसं? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. माझ्या मामेभावानं या बाजारात घोडी घेतली, नंतर विकलीही, दोन्ही वेळा मी सोबत होतो, त्यामुळे थोडं ऐकलेलं आणि बरंचसं बघितलेलं सांगतोय.

आधी बाजार समजून घेऊ

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्त जयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, यात्रा भरते. लोक नवस फेडायला येतात, गुळाची तुला होते, आणि यात्रेच्या अंगणातच घोडेबाजार उभा राहतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, सगळीकडून ट्रक भरून घोडे येतात. आता त्याला चेतक फेस्टिव्हल असं नाव मिळालंय, स्पर्धा होतात, पर्यटक येतात, पण मूळ धंदा जुनाच, दावणीला घोडा बांधायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

महाराष्ट्रात हा एकटाच बाजार नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे असतात, अकलूजला दिवाळीच्या सुमारास बाजार भरतो. राजस्थानात पुष्कर आहे. पक्का व्यापारी एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत असतो, त्यामुळे पुष्करला न विकलेला घोडा महिन्याभरानं सारंगखेड्याला दिसला तर नवल नाही.

कोटीची किंमत खरी असते का?

पेपरात येते ती बहुतेक वेळा सांगितलेली किंमत असते, किंवा "इतक्याला मागितला पण मालकानं दिला नाही" अशी असते. झालेल्या सौद्याची किंमत ही वेगळी गोष्ट. फ्लॅटच्या जाहिरातीतला आकडा आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावरचा आकडा यात जो फरक असतो तसाच, फक्त इथे तो फार मोठा.

मग मालक एवढा खर्च करून घोडा आणतो कशाला? तर तो वळू घोडा असतो, म्हणजे पैदाशीचा. त्याची कमाई घोड्या फळवायच्या फीमधून होते. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच शिंगरू देते, पण एक चांगला वळू एका हंगामात बऱ्याच घोड्या फळवू शकतो. अशा घोड्याचं नाव पेपरात आलं, टीव्हीवर आलं, की पुढच्या वर्षी लोक आपापल्या घोड्या घेऊन त्याच्या दारात येतात आणि त्याची शिंगरंही जास्त भावानं जातात. म्हणजे यात्रा ही त्याची जाहिरात आहे. चालू दुकान आहे ते, विकेल कशाला?

खऱ्या सौद्यांचा अंदाज घ्यायचा असेल तर एक साधी युक्ती सांगतो. यात्रा संपल्यावर शहादा बाजार समितीकडच्या नोंदीवरून बातमी येते की इतके घोडे विकले आणि इतकी उलाढाल झाली. त्या दोन आकड्यांचा भागाकार करा. जी सरासरी निघते ती बघून कोटीवाली बातमी डोक्यातून निघून जाते. यात्रेतला मोठा व्यवहार लग्नवाल्यांचा, टांगा-बग्गीवाल्यांचा, हौशी शेतकऱ्यांचा आणि छोट्या व्यापाऱ्यांचा असतो.

मग किंमत ठरते कशावर? कामावर

हे एवढं नीट समजलं तर बाकीचं आपोआप समजतं. बैलाचंच बघा ना, शर्यतीचा खिलार आणि नांगराचा बैल शेजारी बांधले तर नवख्याला फरक कळणार नाही, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दहापट असू शकते. घोड्याचंही तेच, घोडा म्हणून काही भाव नसतो, त्याच्याकडून कुठलं काम होणार त्याचा भाव असतो.

लग्नाच्या घोडीचं काम काय, तर बँड, फटाके, लायटिंग, नाचणारी पोरं या सगळ्यात शांत उभं राहायचं आणि आयुष्यात कधी घोड्यावर न बसलेल्या नवरदेवाला पाठीवर घेऊन सावकाश चालायचं. तिथे पांढरा रंग चालतो म्हणून नुकऱ्याला मागणी. नुकरा म्हणजे पांढरा घोडा, पण आतली कातडी गुलाबी असलेला. नाचाचा घोडा वेगळा, त्याला ढोलकीच्या तालावर पाय उचलायला शिकवलेलं असतं. माथेरानला जिथे मोटारगाड्यांना बंदी आहे तिथे लागतो तो चढ-उतारावर न घसरणारा, रोज वेगळं माणूस पाठीवर बसलं तरी चालवून घेणारा घोडा. आणि हौशी स्वाराला लागते चाल.

या चालीबद्दल जरा जास्त सांगतो कारण बाजारात सगळ्यात जास्त घासाघीस यावरच होते. साध्या दुडक्या चालीत घोड्याचे तिरपे पाय, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, एकत्र उचलले जातात आणि स्वार खोगिरावर वर-खाली आपटतो. मारवाडी, काठियावाडी आणि सिंधी घोड्यांपैकी काहींना मात्र रेवाल नावाची चाल जन्मतः असते. त्यात पाय एकापाठोपाठ एक असे पडतात की घोडा जोरात जातोय पण पाठ हलत नाही. विकणारा हातात पाण्यानं भरलेला ग्लास घेऊन घोडा पळवून दाखवतो, पाणी सांडत नाही, आणि बघणारे थक्क होतात. जुन्या काळी दिवसभर प्रवास करायचा तर ही चाल म्हणजे आजच्या गाडीचं चांगलं सस्पेन्शन होतं. म्हणून दिसायला साधाच असलेला रेवाल घोडा कधी कधी देखण्या घोड्यापेक्षा महाग जातो.

अमेरिकेत हेच कागदावर कसं आणलंय

योगायोग म्हणजे आपल्याकडे सारंगखेडा भरतं त्याच सुमारास अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला रेनिंग नावाच्या प्रकारातली तीन वर्षांच्या घोड्यांची मोठी स्पर्धा असते. रेनिंग म्हणजे गाई हाकणाऱ्या काउबॉयच्या कामातून आलेली घोडेस्वारी. एका हातात ढिला लगाम धरायचा आणि घोड्यानं गोल फेऱ्या मारायच्या, जागच्या जागी गरागरा फिरायचं, भरधाव येऊन मागचे पाय घसरवत थांबायचं. तिथल्या नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशननं, जी १९६६ पासून आहे, गुणांची पद्धत ठरवलीय. प्रत्येक घोडा ७० गुणांपासून सुरुवात करतो आणि प्रत्येक हालचालीला अर्ध्या अर्ध्या गुणानं वर-खाली होतो.

याचा खरेदी-विक्रीशी काय संबंध? तर तिथला खेड्यातला शेतकरीसुद्धा रेनिंगचा घोडा विकताना बापाचं नाव, आईचं नाव, या घोड्यानं स्पर्धेत किती डॉलर जिंकले ते आणि त्याच्या भावंडांनी किती जिंकले ते कागदावर दाखवू शकतो. घेणारा डॉक्टर आणतो, पायांचे एक्सरे काढतो. म्हणजे घोड्याचं काम मोजलेलं आहे आणि भाव त्या मापाला चिकटलाय. आपल्याकडे मारवाडी घोड्यांची नोंदवही आहे, मायक्रोचिप बसवतात, आणि भीमथडी ही आपली दख्खनची जातही आता अधिकृत जात म्हणून मान्य झालीय, हे सगळं चांगलंच आहे, पण यात्रेतल्या बहुसंख्य घोड्यांकडे काहीच कागद नसतो. तिथे तुमचे डोळे आणि तुमची चौकशी हाच कागद.

दात, उंची आणि भोवरे

वय दातावरून बघतात हे बैलवाल्यांना सांगायला नको, फरक एवढाच की बैलाला वरचे पुढचे दात नसतात आणि घोड्याला असतात. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. त्यानंतर दातावरचे काळे खळगे झिजत जातात. दहाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभा चर दिसायला लागतो, तो पंधराला अर्ध्यापर्यंत आणि विसाला टोकापर्यंत येतो. त्यामुळे "सात वर्षांचा आहे" म्हणणाऱ्याला ओठ वर करून तो चर दाखवला की पुढची बोलणी जरा सरळ होतात.

उंची आपल्याकडे इंचात सांगतात, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत. त्रेसष्ट-चौसष्टच्या पुढे गेलं की एकेका इंचाला पैसे वाढतात. मोजताना घोडा सपाट जमिनीवर हवा, उतारावर पुढचे पाय वरच्या बाजूला ठेवून मोजलेला इंच फुकटचा असतो.

आता लोक नेहमी विचारतात की भोवरे, रंग, शुभ-अशुभ हे बघायचं का? गळ्यावरचा देवमन नावाचा भोवरा शुभ, अमुक जागचा भोवरा म्हणजे खोड, चारही पाय आणि कपाळ पांढरं म्हणजे पंचकल्याण, एकच पाय पांढरा तर नको. माझं स्पष्ट मत असं की भोवऱ्यानं घोडा चांगला-वाईट होत नाही, पण भाव नक्की बदलतो, कारण उद्या तुम्ही विकायला गेलात की समोरचा तोच भोवरा दाखवून पैसे पाडणार. तुम्हाला स्वतःसाठी, कायमचा ठेवायला घोडा हवा असेल तर अशुभ म्हणून स्वस्तात मिळणारं धडधाकट जनावर बिनधास्त घ्या, फायदा तुमचाच आहे.

फसवणूक कुठे होते

माझ्या मामेभावानं लग्नात भाड्यानं द्यायला म्हणून पांढरी घोडी घेतली. दोन दलाल, रुमालाखाली बोटं दाबून भाव, जुन्या पद्धतीनं सगळं झालं. यात्रेत भोंगे, ढोल, गर्दी, आणि ही घोडी मान खाली घालून गरीब गाईसारखी उभी. आम्हाला वाटलं अशीच तर पाहिजे. विसार दिला, संध्याकाळी पूर्ण पैसे देऊन पिकअपमध्ये घातली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी ताशा वाजवला तर तिनं दावं तोडलं, भिंतीला धडकली, खांदा सोलून निघाला. नंतर डॉक्टर म्हणाले की बहुतेक तिला गुंगीचं औषध दिलेलं असणार. सिद्ध काय करणार, तिसऱ्या दिवशी रक्तात काय सापडणार होतं? घोडी वाईट नव्हती हो, तिला कोणी बँडची सवयच लावली नव्हती, आणि तिच्या त्या घाबरलेल्या डोळ्यांचं मला आजही वाईट वाटतं.

तशीच लंगडणाऱ्या घोड्याला वेदनाशामक देऊन बाजाराचा दिवस काढतात. रंगही लावतात, २०२२ मध्ये पंजाबात संगरूर जिल्ह्यात एका माणसानं सुमारे तेवीस लाखांना काळाभोर मारवाडी म्हणून घोडा घेतला आणि घरी आंघोळ घातली तर काळा रंग वाहून गेला, आतून लालसर घोडा निघाला.

म्हणून आम्ही नंतर शिकलो ते असं. एकाच घोड्याला दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, न सांगता बघायला जायचं, त्यातही पहाटे, म्हणजे दावणीवरून पहिल्यांदा सुटताना तो कसा चालतो ते दिसतं. मऊ वाळूत नको, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवायला सांगायचं आणि डोक्याकडे बघायचं, पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. चारही टापा हातात घेऊन बघायच्या, पायावरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते बघायचं. ओल्या कपड्यानं अंग पुसून बघायचं. खोगीर आपल्या समोर चढवायला लावायचं आणि आधी मालकाला बसायला सांगायचं, मालकच टाळाटाळ करत असेल तर तुम्ही कशाला बसता. ज्या कामाला घ्यायचाय ते काम तिथेच करून घ्यायचं, लग्नाची घोडी असेल तर ढोलवाल्याला शंभर रुपये देऊन अगदी जवळ वाजवायला सांगायचं. आणि डॉक्टर आपला न्यायचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नाही.

"पण आमच्याकडे सगळा व्यवहार शब्दावर चालतो"

चालतो, आणि त्या शब्दाला मान आहे हेही खरं. तरी पावती घ्या, आणि पावतीवर नुसती रक्कम नको, घोड्याचं वर्णन हवं, रंग, खुणा, वय, उंची, आणि "लग्नाच्या वरातीला चालणारी, बँडची सवय असलेली" असं काम लिहून हवं. याचं कारण असं की कायद्याच्या भाषेत जनावर हा मालच आहे आणि १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. नुसतं "घोडी एक नग" लिहिलं तर तुमच्या हातात भांडायला काहीच राहत नाही. आमच्या पावतीवर नेमकं तेवढंच होतं.

बाकी जिवंत जनावरं जीएसटीतून मोकळी आहेत पण घोडा नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आधी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर भाव करसकट आहे का ते आधी विचारा.

कागदापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ग्लँडर्स. हा घोड्या-गाढवांचा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग, नाकातून स्राव, अंगावर गाठी आणि फोड येतात, पण काही जनावरं वरून ठणठणीत दिसतात. तो माणसालाही होतो आणि जीव घेऊ शकतो. रक्ताची तपासणी असते, पक्का निकाल हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून येतो, आणि रोग निघाला तर जनावराला कायद्यानं दयामरण द्यावं लागतं, मग तो लाखाचा असो की कोटीचा. म्हणून तपासणीचा दाखला मागायचाच, आणि तरीही नवीन जनावर घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे जुन्या जनावरांपासून लांब, वेगळ्या बादलीत पाणी देऊन ठेवायचं.

"शेतकऱ्याला परवडतं का, की नुसता शौक?"

घोड्याची खरी किंमत घेताना नाही, घेतल्यानंतर कळते. साडेचारशे किलोचं जनावर दिवसाला साधारण नऊ-दहा किलो कोरडा चारा आणि चंदी खातं, म्हणजे हरभरा, जव, भुसा वगैरे, तीस-चाळीस लिटर पाणी पितं. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, जंताचं औषध, धनुर्वाताची लस, रोजचा खरारा. समजा सगळं मिळून दिवसाला तीनशे रुपये धरले तरी वर्षाला एक लाख दहा हजारांच्या आसपास जातात. म्हणजे ऐंशी हजारांची घोडी पहिल्या वर्षातच स्वतःच्या किमतीपेक्षा जास्त खाऊन जाते, आणि घोडा पंचवीस वर्षं जगू शकतो.

लग्नसराईत महिन्याला चार-पाच वराती पक्क्या असतील, घरचा चारा असेल, घरातलाच एक माणूस बघणारा असेल, तर जमतं. नाहीतर जमत नाही. शिंगरू विकून पैसे करू म्हणणाऱ्यांनी अकरा महिने गाभणपणाचे आणि पुढे ते विकण्याजोगं होईपर्यंतची दोन-अडीच वर्षं हिशोबात धरावीत, एवढे दिवस दोन तोंडांना चारा घालायचाय.

लगामाबद्दल एक गोष्ट

नाचाच्या आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजूनही कुठे कुठे काटेरी लगाम दिसतो. त्याचे दात ओठात आणि जिभेत रुततात आणि घोडा दुखण्यानं मान आवरून धरतो, बघणाऱ्याला वाटतं काय रुबाब आहे. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी असला लगाम बेकायदा ठरवलाय, म्हणजे नियम साठ वर्षांचा आहे. घेणाऱ्यासाठीही ती खूण आहे, घोडा फक्त काट्यांच्या धाकानं चालत असेल तर त्याला काही शिकवलेलंच नाही. तोंड उघडून जिभेवरचे आणि ओठांच्या कोपऱ्यातले व्रण बघा, आणि साधा लगाम घालून चालवून दाखवा म्हणा.

विकायचा असेल तर?

यात्रेच्या पहिल्या दिवसांत भाव चढा असतो आणि गिऱ्हाईक फक्त बघत फिरतं. पौर्णिमा उलटून गेली की लांबून आलेल्यांना ट्रकचं भाडं देऊन घोडा परत न्यायचा नसतो, मग भाव खाली येतो. जवळच्या गावचा माणूस इथे फायद्यात, त्याला घाई नसते. घोड्याला महिनाभर आधीपासून पिकअपमध्ये चढायची, अनोळखी माणसानं पाय उचलायची, गर्दीत उभं राहायची सवय लावली तर तेवढ्यानंही भावात फरक पडतो.

मामेभावानं दोन वर्षं ती घोडी सांभाळली. वरातीला ती कधीच तयार झाली नाही, पण शेताच्या बांधावरून, मोकळ्या रस्त्यावरून काय सुंदर जायची. यात्रेत नेली तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की गप्प बस, लग्नाची म्हण, दुप्पट येतील. त्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगितलं की ही बँडला घाबरते. चार गिऱ्हाईकं त्यावर निघून गेली. पाचवा शिरपूरकडचा एक शेतकरी होता, त्याला पोराला घोडेस्वारी शिकवायची होती, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन बसून बघितलं आणि घेतली. पावतीवर भावानं स्वतःच्या हातानं लिहिलं, "मोकळ्या रानात स्वारीला उत्तम, वाजंत्रीजवळ नेऊ नये." ज्या किमतीला घेतली होती तिच्यापेक्षा पाच हजार कमी आले.